मिस्तरणीची जागा

लिहायची सवय कशी लागली, असं मला कुणी ना कुणी विचारतं. मी शाळेतल्या हस्तलिखित अंकाचं नाव पुढं करते. विचारणाऱ्याला ते बरं वाटतं आणि मलाही सोपं जातं. पण ते खरं नाही. मी लिहायला शिकले ते एका म्हाताऱ्या चिनी सुताराला खोटी पत्रं लिहून. आता सत्तरी ओलांडली, दटावणारी माणसं सगळी गेली, तेव्हा हे एकदा सांगून टाकते. सांगून हलकं वाटेल अशी आशा मला नाही.

माझं सासर मुळशीच्या धरणाच्या काठावर. मूळ गाव पाण्याखाली गेलं तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, पोरसवदा होते. माणसं वर सरकली. पाण्यालगत उरली तेवढी भाताची खाचरं, आणि वर डोंगराच्या अंगाला नाचणी-वरीचं वरकस. धरणाच्या कंपनीची एक लाकडी लाँच होती. साहेबलोकांना आणि अडल्यानडल्याला पलीकडच्या काठाला सोडायची. तिची डागडुजी करायला कंपनीनं मुंबईच्या माझगाव गोदीतून एक चिनी सुतार आणला. महिन्याभरासाठी आलेला तो माणूस बारा वर्षं राहिला. गाव त्याला मिस्त्री म्हणायचं आणि त्याच्या बायकोला मिस्तरीण. एक मुलगी होती, ती मुंबईला आत्याकडं राहून शाळा शिकली आणि तिथंच तिचं लग्न झालं.

मिस्तरणीला मी पाहिलं नाही. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या आषाढात ती तापानं गेली. पाऊस असा होता की पौडाच्या पुढं रस्ताच उरला नव्हता, त्यामुळं मुंबईला न्यायचं नावच नको. त्यांच्यात माती देतात. कुठं द्यायची म्हणून गावात कुजबुज सुरू झाली, तेव्हा मामंजींनी आमच्या वरकसाचा वरचा कोपरा दाखवला. म्हणाले, "पाण्याकडं त्वांड हाय. मागं डोंगर हाय. बाईमानसाला बरं वाटंल." मिस्त्री तिथंच चिखलात मटकन बसला आणि रडला, असं मला आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सांगितलं. पुढं एकदा मामंजींनी कारणही सांगितलं. मिस्त्रीच्या आईबापांना माती दिली त्या जागा समुद्रापलीकडं राहून गेल्या होत्या. तिकडं जाणं आता होणार नव्हतं. उभ्या आयुष्यात त्याला स्वतःच्या हातानं झाडता येईल अशी ही एकच जागा होती.

मी तेव्हा बावीस वर्षांची, सातवी पास. आख्ख्या गावात तेवढी शिकलेली बाई मीच, आणि ते मी कुणाला विसरू द्यायचे नाही. जीभ तिखट होती. पाणवठ्यावर मी मिस्त्रीच्या बोलण्याची नक्कल करायचे आणि बायका हंडे खाली ठेवून हसायच्या. तो माणूस वाटेत दिसला की टोपी काढून मला मान लववायचा, आणि मी त्या मान लववण्याचीसुद्धा नक्कल बसवली होती.

चैत्रात, पाडवा होऊन पंधरवडा झाला असेल, मिस्त्री आमच्या ओट्याशी आला.

"उद्या चिंगमिंग," तो मामंजींना म्हणाला. "माझा बायको जेवणार. तुमी सगळा या."

तो गेल्यावर आत्याबाई उसळल्या. "पितरं भादव्यात जेवत्यात. ह्याची चैतात कशी काय भुकेजली? आन् मसनवट्यात जेवाया मी न्हाई यायची."

"त्येंचं पंचांग निराळं," मामंजी म्हणाले. "मानूस आपल्या घरचा सण म्हनून बोलीवतोय. जावं."

मालक, म्हणजे माझे यजमान, कोळवणला बैल बघायला गेले होते. मग मामंजी आणि मी, अशी दोघंच चढलो. मामंजी मान राखायला निघाले होते, मी नकलेला नवं काही मिळतंय का ते बघायला.

जागा मात्र मन लावून राखलेली होती. पाण्यानं गुळगुळीत झालेल्या काळ्या दगडांचा गुडघाभर उंच ढीग आणि डोक्याशी एक उभा दगड. भोवतीचं गवत कापून, अंगण झाडावं तशी जमीन झाडलेली. दगडांवर पिवळे कागद खोचलेले होते. पुढं मांडलं होतं जेवण: डोक्यासकट उकडलेली अख्खी कोंबडी, भाताचा वाडगा, अंडी, दोन मोसंबी, इवल्याशा तीन कपांत कोरा चहा. त्यानं तीन उदबत्त्या लावल्या, गुडघे टेकले आणि तीनदा कपाळ जमिनीला लावलं. मग जरा बाजूला, ऐनाच्या बुंध्याला टेकून बसला आणि विडी पेटवून वाट बघू लागला.

आम्हीही बसलो. ऊन तापायला लागलं. मामंजींनी एकदा वर बघितलं, एकदा पाण्याकडं. मलाही कळलं ते काय शोधतात ते. कावळा. तो तर कुठंच नव्हता.

आमच्याकडं दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, की समजायचं, गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग घरातलं एकेक जण पुढं होऊन कबूल करतं. धाकटीचं लग्न करू, म्हातारीला सांभाळू, भावकीतला तंटा मिटवू. कशावर तरी कावळा उतरतोच. त्यातलं पुढं किती पाळलं जातं हे ज्याचं त्याला ठाऊक. कावळ्यापुरतं ते बोलायचं असतं, असंच मी लहानपणापासून बघत आले होते.

मिस्त्री बिचारा एकटा. कबूल करायला त्याच्या मागंपुढं कोण होतं? माझ्या अंगात शहाणपण संचारलं. मी पदर खोचला, पुढं झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "मिस्तरीणबाय, जीव आडकवू नगा. मिस्त्री ऱ्हाऊद्यात न्हाईतर कुटंबी जाऊद्यात, तुमची जागा आमी राखू. दरसाल मी सोता झाडीन, निवद ठेवीन. या. काव, काव, काव!" आणि भाताचं एक शीत उचलून लांब टाकलं.

ऐनाच्या शेंड्यावर बसला होता की काय कोण जाणे, कावळा आला. एक आला, मग चार आले, मग काळा ढगच उतरला. कोंबडीचं डोकं एकानं नेलं, अंडी फुटली, कप लवंडले. मिस्त्री ताडकन उठला, टोपी काढून "ए! ए!" करत धावला. मामंजींनी त्याचा दंड धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मिस्त्री, खाऊ द्या! शिवला! पोचलं सगळं! मिस्तरीण जेवली!"

तो माणूस आमच्या तोंडाकडं बघत राहिला. मग हळूहळू, आपल्या मोडक्या मराठीत त्यानं सांगितलं. उदबत्ती संपेस्तोवर ती जेवते. तिचं झालं की मग त्याच ताटातलं आपण सगळ्यांनी जेवायचं, तिच्यासोबत, इथंच बसून. तोच सण. त्यासाठी तो पौडाच्या बाजारापर्यंत चालत जाऊन कोंबडी घेऊन आला होता. आम्हाला पंगतीला बोलावलं होतं त्यानं, आणि पंगतीतलं ताट आम्ही कावळ्यांना घातलं होतं. मामंजी शरमेनं खाली बघू लागले. मी पदर तोंडाला लावला होता तो हसू दाबायला.

"सूनबाई बोलला काय?" त्यानं विचारलं.

मामंजींनी त्याला समजावून सांगितलं. एकेक शब्द सुटा करून, हातानं झाडल्याची खूण करून सांगितलं. मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचा राग गेला. तो माझ्याकडं वळला.

"दरसाल? मी नाय, तरी?"

"व्हय," मी म्हणाले. व्हय म्हणायला काय लागतंय? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्यानं मला कमरेतून वाकून नमस्कार केला. जसा त्या दगडांना केला होता तसाच. मग कावळ्यांच्या तावडीतून सुटलेलं एक अंडं आणि मोसंब्याच्या फोडी त्यानं आमच्यापुढं धरल्या. मामंजींनी फोडी तिथंच खाल्ल्या. मी अंडं पदराखाली घेतलं आणि उतरताना करवंदीच्या जाळीत फेकून दिलं. मागं वळून बघितलं तर तो वर उभा राहून आमच्या वाटेकडं बघत होता. त्याला दिसलं की नाही, मला माहीत नाही.

त्याची मुलगी दोन वर्षं त्याला मुंबईला बोलावत होती. त्याची नजर मंदावत चालली होती, वाकसानं लाकूड तासताना एकदा बोट गेलं होतं. तरी तो हलायचा नाही. तुझ्या आईला सोडून कसं येऊ, म्हणायचा. त्या चैत्रानंतर तो जायला तयार झाला, माझ्या शब्दावर. जाण्याआधी एक दिवस मला वर घेऊन गेला आणि धडा शिकवावा तसं सगळं शिकवलं. आधी गवत, मग वरून खाली झाडायचं, मग चहा, मग उदबत्ती. उदबत्ती विझेपर्यंत उठायचं नाही. माझ्याकडून त्यानं ते पाठ म्हणून घेतलं. मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्याचीही नक्कल केली. दिवाळीनंतरच्या लाँचनं तो गेला.

त्याच हिवाळ्यात मामंजी गेले. ते असते तर पुढचं काही घडलं नसतं. त्यांनी मुकाट्यानं खराटा उचलला असता.

चैत्र आला. माझी थोरली तेव्हा तीन महिन्यांची. आत्याबाई म्हणाल्या, "परक्याचं पितर घालाया जाशील आन् घरात घिऊन येशील. ल्हान पोर हाय." मला ते कारण आयतं मिळालं. पण खरं सांगायचं तर मला पितराची भीती नव्हती. उन्हाचं तेवढं कोण चढणार, एवढंच होतं. मी गेले नाही.

आणि मग पोस्टकार्ड आलं. मिस्त्रीच्या मुलीचं अक्षर, स्वच्छ, वळणदार मराठी. 'बाबा रोज विचारतात. आईची जागा झाडली का? कृपा करून दोन ओळी लिहाव्या.'

मी दोन ओळी लिहायला बसले आणि कार्ड भरलं. झाडली, म्हणून लिहिलं. तीन उदबत्त्या लावल्या. कोरा चहा ठेवला. कावळा लगेच शिवला. लिहिता लिहिता वाटलं, एवढं कोरडं बरं दिसत नाही. म्हणून करवंदीला फुलं आल्याचं लिहिलं, वारा पाण्यावरून कसा येत होता ते लिहिलं, खालून लाँच गेली आणि तिचा भोंगा वाजला तेव्हा उदबत्तीचा धूर कसा हलला तेही लिहिलं. वाचून बघितलं. माझं मलाच इतकं आवडलं की पोस्टात टाकायच्या आधी मी ते तीनदा वाचलं.

लाजेचं मूळ इथं आहे. आळस कुणीही करतं. पण मला त्या खोट्याची गोडी लागली. माझं लिहिलेलं वाचणारं गावात कोण होतं? मालकांना सहीपुरतं येत होतं. दर चैत्राला ते कार्ड आलं की मी दोन दिवस मनात वाक्यं जुळवत फिरायचे. दुसऱ्या वर्षी मी मिस्तरणीच्या डोक्याशी देवचाफ्याची फांदी लावली. कागदावर. तिसऱ्या वर्षी तिला पानं फुटली. चौथ्या वर्षी फुलं आली आणि मी लिहिलं की पहिलं फूल मी दगडावर ठेवलं. या चार वर्षांत मी त्या कोपऱ्याकडं एकदाही गेले नव्हते. पुढं चीनशी लढाई झाली, लोक चिनी म्हटलं की दात खायला लागले. पण ते नंतर. माझ्या वेळी तसलं काही नव्हतं, तेव्हा त्या आडोशालाही मला जाता येत नाही.

पाचव्या वर्षीचं कार्ड निराळं होतं. 'तुमची पत्रं ऐकून बाबांना राहवत नाही. चिंगमिंगला आम्ही येत आहोत. त्यांना दिसत नाही, पण चाफ्याला हात लावायचा आहे.' कार्ड वाटेत रखडलं होतं. ती दोघं दुसऱ्या दिवशीच येणार होती.

पहाटे कोयता आणि खराटा घेऊन मी वर पळाले. वरकस ओळखू येईना. दोन वर्षांमागं नाचणीसाठी वरपर्यंत फोडलं होतं, आणि या वर्षी राब भाजून सगळं काळं केलेलं. ऐन तोडला होता. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले, पायानं राख उकरली. दगडांचा ढीग कुठंच नव्हता. मालक खालून बैल घेऊन येत होते, त्यांना हाक मारली.

"मिस्तरणीचे दगड कुटं हायेत?"

ते थबकले. "ते गुळगुळीत? बांधाला न्हवं का लागले. दोन सालं झाली. तू भाकर घिऊन आलीवती की त्या दिशी."

आले होते. त्याच बांधावर बसून मी भाकरी खाल्ली होती. बसायला छान गुळगुळीत आहेत, असं म्हणालेसुद्धा होते.

"कुटनं काढले? जागा तरी दावा."

त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ऐन असता तर सांगितलं असतं. नांगर फिरल्यावर डोंगर सगळा सारखाच. बिचारे कावरेबावरे झाले. मग म्हणाले, "मिस्त्रीला सांगून टाक. चुकलं म्हन. भला मानूस हाय."

त्या वेळी मी ऐकलं असतं तर. पण मला दिसत होती ती माझी चार पत्रं. ती खोटी ठरणार, आणि ज्या बाईला ते दोघं एवढं मानतात ती चव्हाट्यावर उघडी पडणार. मी म्हणाले, "न्हाई सांगायचं. दगुड आना."

मालकांनी बांधातले चार दगड काढून आणले, माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाले, "मला न्हाई जमायचं ह्ये," आणि बैल घेऊन निघून गेले. बाकीचे मी आणले. पाटीनं, डोक्यावरून, सात-आठ खेपा केल्या. पाण्याकडं तोंड येईल अशी एक जागा बघितली, राख बाजूला केली, ढीग रचला, एक दगड उभा केला, भोवती झाडलं. मग देवळामागच्या देवचाफ्याची फुलांनी भरलेली फांदी कोयत्यानं तोडली आणि डोक्याशी खोचली, माती दाबून पाणी घातलं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या डोक्यावर पाटीभर होते.

सकाळच्या लाँचनं ती दोघं उतरली. मिस्त्री अगदी लहान झाला होता. मुलगी पाचवारी साडीतली, माझ्याच वयाची. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि "वहिनी" म्हणाली. चढताना तिनं मला सांगितलं, "तुमची पत्रं आमच्या चाळीत सगळ्यांना पाठ आहेत. चिनी म्हाताऱ्या बायका मुद्दाम ऐकायला येतात. मी त्यांना आमच्या भाषेत सांगते. त्यांच्या कुणाच्याच आईबापाची जागा आता झाडायला कुणी नाही. तो लाँचच्या भोंग्याचा भाग आला की त्या रडतात."

मी पदर डोक्यावर आणखी पुढं ओढला.

मिस्त्री मुलीचा हात धरून चढत होता. एका जागी मी थांबले तसा तोही थांबला. त्यानं पायानं जमीन चाचपली. "इतका लवकर आला?" तो म्हणाला. "पहिला जास्त चढ होता."

"वाट नवी केलीया, मिस्त्री," मी म्हणाले. तोंडातून सरळ बाहेर आलं. मला विचारही करावा लागला नाही.

तो खाली बसला. हातानं एकेक दगड चाचपला. ते दगड खरे होते, त्यानं स्वतः निवडून आणलेले, त्यामुळं त्याचे हात ते ओळखत होते. मग त्यानं भोवतालची जमीन तळव्यानं पुसल्यासारखी केली आणि "साफ," म्हणाला, "कितना साफ." मुलीनं त्याचा हात चाफ्याला लावला. सावकाश, फांदी हलू नये म्हणून जपून त्यानं फुलं हुंगली. मला धाकधूक होती की फांदी कलंडेल. तो रडत होता आणि मी फांदीकडं बघत होते.

जेवण मांडलं. मुलीनं उदबत्त्या लावल्या, दोघांनी कपाळ टेकवलं. मिस्त्री दगडांशी बराच वेळ बोलत होता, मधेच माझ्याकडं हात करून. मुलगी म्हणाली, "बाबा आईला सांगतायत, या बाईनं तुला एक दिवससुद्धा उपाशी ठेवलं नाही." उदबत्ती विझल्यावर त्यानं कोंबडीची तंगडी मोडून आधी मला दिली. या वेळी मी खाल्ली. हाडापर्यंत खाल्ली, तिथंच जमिनीवर बसून. भात खाल्ला, गार कोरा चहा प्यायले. ते मला प्रायश्चित्तासारखं वाटलं, पण प्रायश्चित्त असं फुकट मिळत नसतं.

उठायच्या आधी त्यानं मुलीकडून रुमाल मागून घेतला. ढिगाच्या पायथ्याशी हातानं उकरून दोन मुठी माती त्यानं रुमालात घेतली. चांगली माती घेतली, वरची राख बाजूला सारून.

"आता परत नाय येणार मी," तो मला म्हणाला. "मुंबईत माझा जागा होईल. हा माती तिथं माझ्याबरोबर. मग दोघं एकत्र."

मुलीनं मला नीट सांगितलं, जणू मला कळलं नसेल. चिनी कब्रस्तानात बाबांना ठेवतील तेव्हा आईच्या जागेची माती त्यांच्यासोबत ठेवायची. तेवढ्यासाठीच ते आले होते.

बोलायची वेळ ती होती. आधीच्या सगळ्या वेळा हुकल्या असतील, पण ही शेवटची होती, आणि मला ते त्याच क्षणी कळलं होतं. "मिस्त्री, थांबा" एवढे दोन शब्द पुरले असते. ती रागावली असती, तो रडला असता, आम्ही सगळ्यांनी मिळून आख्खं वरकस उकरलं असतं. मालक आले असते, गाव आलं असतं. कदाचित सापडली असती. मी तोंड उघडलं, आणि त्यानं रुमाल माझ्यापुढं धरला. दिसत नसल्यानं त्याला गाठ मारता येत नव्हती.

"सूनबाई, तू बांध."

मी बांधली. पक्की बांधली, निरगाठ. लाँच सुटेपर्यंत काठावर उभी राहिले आणि मुलीनं हात हलवला तेव्हा मीही हलवला.

चाफ्याची ती फांदी जगली. चाफ्याचं काय, खोचला की जगतो. मालकांनी त्या दिवसापासून माझ्याशी त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही, मरेपर्यंत नाही. फक्त त्या बांधावर ते पुन्हा कधी बसले नाहीत.

पुढच्या वर्षी चैत्राच्या आधीच कार्ड आलं. 'बाबा गेले. शेवटी त्रास झाला नाही. रुमाल त्यांच्या छातीवर, हाताखाली ठेवला आहे. आई आता त्यांच्याजवळ आहे, म्हणून तिकडं झाडायचे कष्ट यापुढं घेऊ नयेत. तुम्ही जे केलंत ते सख्ख्या मुलीनं केलं नसतं.'

त्या कार्डाला मी उत्तर लिहिलं नाही. रुमालातली माती आमच्या नाचणीच्या रानाची होती. मिस्तरीण अजून त्या वरकसातच आहे, आणि कुठं ते मला माहीत नाही.